हिरव्या रेषेमागचा अधिकारी

पश्चिम आशियाच्या प्रश्नावर कोणतेही निवेदन निघाले की त्यात १९६७ च्या सीमारेषांचा उल्लेख हमखास येतो. राष्ट्रसंघाचे ठराव असोत, अरब राष्ट्रांचा २००२ चा शांतता प्रस्ताव असो, की निरनिराळ्या परराष्ट्र खात्यांची तोलूनमापून लिहिलेली पत्रके असोत. इस्रायल आणि भावी पॅलेस्टाइन यांच्यातील देवाणघेवाणीचे मोजमाप याच रेषेपासून सुरू होते. वस्तुतः १९६७ साली अशी कोणतीही रेषा कोणी आखली नव्हती. त्या वर्षीच्या जून महिन्यात सहा दिवसांच्या युद्धात इस्रायली फौजांनी जी रेषा ओलांडली ती अठरा वर्षे आधीची, १९४९ ची होती. नकाशावर हिरव्या शाईने काढली गेली म्हणून तिला हिरवी रेषा हे नाव पडले. ज्याच्या देखरेखीखाली ती कागदावर उतरली तो ना कोणा देशाचा पंतप्रधान होता, ना सेनापती. तो राष्ट्रसंघाच्या सचिवालयातील एक अधिकारी होता, आणि त्या काळातील अमेरिकेत ज्याला अनेक उपाहारगृहांत शेजारच्या मेजावर बसू दिले जात नसे असा एक कृष्णवर्णीय प्राध्यापक होता. त्याचे नाव राल्फ बंच.

बंच यांना १९५० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तरीही आज त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, आणि त्याचे कारण त्यांच्या कामाच्या जातीतच आहे. ज्यांची हयात टिपणे लिहिण्यात, दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे तयार करण्यात आणि एखाद्या क्रियापदावर अडलेली बैठक पुढे ढकलण्यात जाते, त्या राजधानीतील वाचकांना हे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांचा जन्म डेट्रॉइटचा. साल १९०४ मानले जाते, काही नोंदी १९०३ सांगतात. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. आई १९१७ साली वारली, वडील दुरावले, आणि मुलाला आजीने लॉस एंजेलिसमध्ये वाढवले. लूसी जॉन्सन ही आजी करारी बाई होती. नातवाने कोणासमोर मान खाली घालायची नाही आणि शाळेत दुसरा क्रमांक आणायचा नाही, एवढीच तिची शिस्त. बंच यांनी ती पाळली. बास्केटबॉलच्या जोरावर शिष्यवृत्ती आणि झाडलोटीच्या नोकरीवर जेवणखाण अशा स्थितीत ते १९२७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून सर्वोच्च गुणवत्तेने पदवीधर झाले. पुढे हार्वर्ड, आणि मग वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाची उभारणी. १९३४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. अमेरिकी विद्यापीठातून राज्यशास्त्रात ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

या प्रबंधाचा विषय पुढच्या साऱ्या आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या वसाहती जुन्या राष्ट्रसंघाच्या मँडेटखाली विजेत्यांकडे सोपवण्यात आल्या होत्या. फ्रान्सकडे मँडेट म्हणून आलेला टोगोलँड आणि त्याच्या शेजारची साधी फ्रेंच वसाहत असलेला डाहोमी, यांच्या कारभारात रयतेच्या दृष्टीने काही फरक पडला काय, हा बंच यांचा प्रश्न होता. ते पश्चिम आफ्रिकेत गेले, कागदपत्रे चाळली, लोकांत हिंडले, आणि फरक नगण्य आहे या निष्कर्षाप्रत आले. पुढे १९३६ ते १९३८ या काळात त्यांनी लंडनमध्ये मालिनोव्हस्की यांच्याकडे मानववंशशास्त्राचे धडे घेतले, जोमो केन्याटांकडून स्वाहिली शिकून घेतली आणि दक्षिण व पूर्व आफ्रिका पायाखाली घातली. ज्यांच्यावर राज्य केले जाते त्यांना विचारल्याशिवाय राज्यपद्धतीबद्दल मत बनवायचे नाही, ही त्यांची त्या काळातील पद्धत होती. हे लक्षात ठेवावे, कारण ऱ्होड्समध्ये नेमके तेच करता आले नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गुप्तवार्ता विभागाला आफ्रिका जाणणारा माणूस हवा होता. तेथून १९४४ साली बंच परराष्ट्र खात्यात आले आणि १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील वसाहती व विश्वस्त प्रदेशांविषयीच्या प्रकरणांवर त्यांच्या लेखणीचा ठसा उमटला. पुढच्या वर्षी ते राष्ट्रसंघाच्या सेवेत दाखल झाले, आणि जन्मभर तेथेच राहिले.

पॅलेस्टाइनशी त्यांचा संबंध आला तो १९४७ च्या उन्हाळ्यात. ब्रिटनने आपले मँडेट राष्ट्रसंघाच्या ओटीत टाकल्यावर आमसभेने अकरा देशांची विशेष समिती नेमली. अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश एमिल सँडस्ट्रॉम. भारताच्या वतीने लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान. सचिवालयाच्या बाजूने गेलेल्या चमूत बंच होते. समिती जेरुसलेमला पोहोचली तेव्हा पॅलेस्टिनी अरबांच्या उच्च समितीने तिच्यावर बहिष्कार टाकला होता. ज्यू संस्थेने मात्र नकाशे, आकडेवारी आणि साक्षीदार यांची जय्यत तयारी ठेवली होती. भूमिगत इर्गुन संघटनेचे मेनाहेम बेगिन यांनीही एका गुप्त बैठकीत सँडस्ट्रॉम आणि बंच यांच्यापुढे आपली बाजू मांडून घेतली. बहिष्कार हे दुर्बलाचे हत्यार असते खरे, पण ज्या खोलीत मसुदा लिहिला जातो त्या खोलीबाहेर राहण्याची किंमत फार मोठी असते. पॅलेस्टिनींनी ती तेव्हापासून मोजली.

समितीत एकमत होईना. सात सदस्यांना फाळणी हवी होती. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी एकसंध संघराज्याची बाजू घेतली. ऑस्ट्रेलिया तटस्थ राहिला. गंमत अशी की बहुमताच्या आणि अल्पमताच्या अशा दोन्ही अहवालांचे लेखन मोठ्या प्रमाणात बंच यांनीच केले. एकाच माणसाने परस्परविरोधी दोन योजना तितक्याच प्रामाणिकपणे शब्दबद्ध कराव्यात यावर सामान्य वाचक नवल करील. ज्याने दोन मंत्र्यांच्या हाताखाली एकाच प्रकरणाची टिपणे लिहिली आहेत तो करणार नाही. दुसरा योगायोग अधिक बोचरा आहे. १९४७ च्या ज्या उन्हाळ्यात भारताचा प्रतिनिधी पॅलेस्टाइनची फाळणी करू नका म्हणून युक्तिवाद करीत होता, त्याच आठवड्यांत रॅडक्लिफ यांचा आयोग पंजाब आणि बंगालवर रेघ ओढत होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. दहा देश तटस्थ राहिले. भारताने विरोधात मत दिले.

यानंतरचा घटनाक्रम सर्वश्रुत आहे. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब राष्ट्रांच्या फौजा आत शिरल्या. राष्ट्रसंघाने स्वीडनचे काउंट फोक बर्नाडोट यांना मध्यस्थ नेमले आणि बंच त्यांचे मुख्य सहायक झाले. जूनमध्ये चार आठवड्यांचा युद्धविराम, जुलैत पुन्हा दहा दिवसांची धुमश्चक्री, मग दुसरा युद्धविराम. बर्नाडोट यांनी सुचवलेल्या पहिल्या तडजोडीत जेरुसलेम अरबांकडे जाणार होते. ती दोन्ही बाजूंनी फेटाळली. सप्टेंबरातील दुसऱ्या अहवालात जेरुसलेमवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणि निर्वासितांना घरी परतण्याचा हक्क ही सूत्रे होती. १६ सप्टेंबरची तारीख असलेल्या त्या अहवालाच्या लेखनातही बंच यांचाच मोठा वाटा होता.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, जेरुसलेममध्ये लेही या ज्यू अतिरेकी गटाच्या बंदूकधाऱ्यांनी रस्ता अडवून बर्नाडोट यांची मोटारीत हत्या केली. शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल आंद्रे सेरो हेही ठार झाले. बंच त्या प्रवासात बर्नाडोट यांच्याबरोबर असायचे होते. हैफा येथे कागदपत्रांच्या तपासणीत खोळंबा झाला म्हणून ते उशिरा पोहोचले आणि वाचले. या हत्येबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. लेहीच्या तत्कालीन म्होरक्यांपैकी यित्झाक शमीर पुढे इस्रायलचे पंतप्रधान झाले आणि १९९१ च्या माद्रिद शांतता परिषदेत त्यांनीच आपल्या देशाचे नेतृत्व केले.

बर्नाडोट यांची जबाबदारी बंच यांच्यावर आली, हंगामी मध्यस्थ या नावाने. ते पद पूर्ण मध्यस्थाचे कधीच झाले नाही. हाताशी थोडे लष्करी निरीक्षक, काही टंकलेखक आणि ऱ्होड्स बेटावरील एका हॉटेलात थाटलेले कार्यालय. ऑक्टोबर व डिसेंबरमधील मोहिमांत इस्रायलने नेगेवच्या वाळवंटातून इजिप्शियन फौजांना मागे रेटले होते. फालुजा गावाभोवती सुमारे चार हजार इजिप्शियन सैनिक वेढ्यात अडकले होते. त्यांच्यात गमाल अब्देल नासर नावाचा एक तरुण मेजर होता. सुरक्षा परिषदेने १६ नोव्हेंबरच्या ठरावाने नुसत्या युद्धविरामापुढे जाऊन शस्त्रसंधी करण्याचे फर्मान काढले. युद्धविराम म्हणजे गोळीबार थांबवणे. शस्त्रसंधी म्हणजे कोणती फौज कोठवर राहील, मध्ये कोण राहील आणि तक्रार कोणाकडे करायची याचा लेखी करार. शांतता तह ही त्यापुढची पायरी, आणि ती महिन्या-दोन महिन्यांत गाठली जाईल अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती.

१३ जानेवारी १९४९ रोजी ऱ्होड्सच्या हॉटेल दे रोझमध्ये इजिप्त आणि इस्रायल यांची बोलणी सुरू झाली. अरब राष्ट्रांना एकत्र न बोलावता एकेकाशी स्वतंत्र करार करायचा, आणि पहिला मान सर्वांत बलाढ्य अरब राष्ट्राला द्यायचा, ही आखणी बंच यांची. चार अरब देश एका मेजावर बसले की प्रत्येकाला दुसऱ्यासमोर आपला कडवेपणा सिद्ध करावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. दोन्ही शिष्टमंडळे एकाच हॉटेलच्या निरनिराळ्या मजल्यांवर उतरलेली. इजिप्तचे अधिकारी इस्रायलींशी थेट बोलण्यास नाखूश होते. इस्रायलला तर थेट बोलणीच हवी होती, कारण समोर बसणे हीच मान्यता. बंच यांनी दोघांनाही रुचेल असा जिना बांधला. आधी ते दोन्ही मजल्यांवर स्वतः कागद घेऊन चढउतार करीत. मग आपल्या खोलीत दोन्ही प्रमुखांची अनौपचारिक गाठ. मग औपचारिक बैठक, जिच्यात बोलणे अध्यक्षांना उद्देशून असे आणि ऐकू दोघांना जात असे.

त्यांची दुसरी युक्ती कोणत्याही कार्यालयात शिकवण्याजोगी आहे. प्रदेशाचा प्रश्न त्यांनी शेवटी ठेवला. आधी कार्यक्रमपत्रिकेवर सह्या घेतल्या, मग परस्परांवर हल्ला न करण्याच्या सर्वसाधारण तत्त्वांवर. ज्यात कोणाचे काही जात नाही अशा कागदांवर एकत्र सही करण्याची सवय लागली म्हणजे ज्यात काही जाते त्या कागदाकडे हात वळतो. मसुदा नेहमी त्यांचा असे, कोणत्याही पक्षाचा नसे; त्यामुळे त्यातील शब्द बदलून मागणे म्हणजे शत्रूपुढे नमणे ठरत नसे. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका, सिगारेटचा धूर आणि बिलियर्डचे टेबल. इस्रायली लष्करी सल्लागार यिगाएल यादिन यांच्याबरोबर ते बिलियर्ड खेळत, आणि खेळताना अडलेल्या कलमाची चर्चा पुढे सरकत असे.

अडचण होती ती प्रदेशावरच. इजिप्तचे म्हणणे असे की सुरक्षा परिषदेच्या ४ नोव्हेंबरच्या ठरावाप्रमाणे इस्रायलने ऑक्टोबरच्या मध्याच्या जागांवर मागे जावे. इस्रायल बीरशेबा सोडायला मुळीच तयार नव्हता. आणि वाळवंटातील औजा या चौरस्त्यावर दोघांचाही दावा. बोलणी एकाहून अधिक वेळा मोडण्याच्या बेतात आली. अखेर जी तडजोड निघाली तीत प्रत्येकाला घरी दाखवायला काही तरी मिळाले. नेगेव प्रत्यक्षात इस्रायलकडे राहिला. औजा निःलष्करी ठरून संयुक्त शस्त्रसंधी आयोगाचे ठाणे तेथे आले. फालुजाचे सैनिक सन्मानाने मायदेशी जाणार होते. गाझाभोवतीची चिंचोळी पट्टी इजिप्तकडे राहिली. आज आपण गाझापट्टीचा जो आकार नकाशावर पाहतो तो बहुतांशी या वाटाघाटींची निष्पत्ती आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेला हल्ला हीच रेषा फोडून झाला, आणि त्यानंतरच्या युद्धात जी भूमी उद्ध्वस्त झाली ती याच रेषेच्या आतली.

बेचाळीस दिवसांनी, २४ फेब्रुवारी १९४९ रोजी, सह्या झाल्या. एक हकिकत अशी सांगतात की बंच यांनी ऱ्होड्सच्या कुंभारांकडून वाटाघाटींची आठवण म्हणून नक्षीदार थाळ्या आधीच करवून घेतल्या होत्या. बोलणी तुटण्याच्या घडीला त्यांनी त्या दोन्ही शिष्टमंडळांना दाखवल्या, आणि करार झाला तर या भेट म्हणून मिळतील, न झाला तर तुमच्याच डोक्यावर फोडीन, असे हसत बजावले. थाळ्या भेट म्हणूनच गेल्या.

लेबननशी करार २३ मार्चला रास नाकुरा येथे झाला आणि सीरियाशी सर्वांत शेवटी २० जुलैला; तेथील बोलणी मुख्यतः बंच यांच्या सहकाऱ्यांनी चालवली. ट्रान्सजॉर्डनचा करार ३ एप्रिलला ऱ्होड्समध्येच झाला, पण त्याचे खरे बोलणे ऱ्होड्समध्ये झालेच नाही. राजे अब्दुल्ला रात्री आपल्या शूना येथील निवासस्थानी इस्रायली दूतांना गुप्तपणे बोलावून घेत, तेथे नकाशांवर सौदा होई, आणि ऱ्होड्समधील अधिकारी त्याची वाट पाहत औपचारिक चर्चा करीत बसत. बंच यांना हे ठाऊक होते. त्यांनी त्याकडे काणाडोळा केला, कारण करार होणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. या सौद्यात इराकी फौजा रिकाम्या करणार असलेल्या उत्तरेकडील टापूतून एक लांबट पट्टा इस्रायलच्या दबावाखाली त्याला मिळाला. नकाशावर तो पेन्सिलीच्या जाडीचा होता. जमिनीवर त्याने घर एका देशात आणि शेत दुसऱ्या देशात टाकले. कल्किल्या आणि तुलकरमच्या शेतकऱ्यांच्या बागायती रेषेपलीकडे गेल्या. बार्ताआ हे गाव तर मधोमध चिरले गेले. त्याचा एक भाग इस्रायलमध्ये, दुसरा जॉर्डनमध्ये. १९६७ नंतर ही दोन अर्धी पुन्हा एकमेकांना भेटली, आणि २००३ च्या सुमारास इस्रायलने बांधलेले विलगीकरणाचे कुंपण पूर्वेकडून गेल्याने पूर्व बार्ताआ आपल्याच पश्चिम किनाऱ्यापासून तुटले.

या गावांतील कोणालाही कोणी विचारले नव्हते. येथे बंच यांच्या कर्तबगारीचे मोजमाप अवघड होते. १९४९ च्या चारही करारांवर सह्या करणाऱ्यांत एकही पॅलेस्टिनी प्रतिनिधी नव्हता. गाझात १९४८ च्या सप्टेंबरात एक अखिल पॅलेस्टाइन सरकार जाहीर झाले होते, परंतु त्याच्या हाती फौज नव्हती, आणि शस्त्रसंधी ज्यांच्या हाती शस्त्रे आहेत त्यांच्याशीच होते. बंच यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की सुरक्षा परिषदेने त्यांना दिलेले काम तेवढेच होते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण परिणाम असा झाला की फाळणीच्या ठरावात सुमारे निम्म्याहून थोडा अधिक प्रदेश मिळालेल्या इस्रायलकडे मँडेटखालील पॅलेस्टाइनचा सुमारे ७८ टक्के भाग राहिला, उरलेला जॉर्डन आणि इजिप्तने वाटून घेतला, आणि सुमारे सात लाख निर्वासितांचा प्रश्न दुसऱ्या एका समितीच्या फायलीत गेला. टोगोलँडच्या खेड्यांत जाऊन रयतेचे म्हणणे टिपून घेणाऱ्या विद्वानाच्या हातून, ज्यांच्या जमिनीबद्दल करार होता त्यांच्याच अनुपस्थितीत तो व्हावा, ही त्या यशातली खोट आहे. माझ्या मते ती यशाची अटही होती. पॅलेस्टिनींना मेजावर बसवायचे ठरले असते तर ना इस्रायल आला असता, ना अब्दुल्ला.

ती दुसरी समिती म्हणजे अमेरिका, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा समेट आयोग. ११ डिसेंबर १९४८ च्या ज्या ठरावाने निर्वासितांच्या परतीचा हक्क नोंदवला त्यानेच हा आयोग नेमला होता. १९४९ च्या उन्हाळ्यात लोझान येथे त्याने सर्व अरब राष्ट्रांना एकत्र बसवून पूर्ण शांततेचे बोलणे आरंभले. निर्वासितांचे एक शिष्टमंडळही तेथे पोहोचले, पण त्याला अधिकृत स्थान मिळाले नाही. परिषद निष्फळ झाली. बंच यांची पायरीपायरीची पद्धत आयोगाने सोडली हे त्याचे एक कारण, आणि बहुधा तेच सर्वाधिक सांगितले जाते. परंतु बंच यांनी सोपे प्रश्न सोडवून कठीण ते मागे ठेवले होते हेही विसरता येत नाही. शस्त्रसंधीच्या मसुद्यात त्यांनी स्वतःच घातले होते की ही रेषा राजकीय वा प्रादेशिक सीमा मानू नये आणि कोणाच्याही अंतिम दाव्याला तिने बाध येऊ नये. हा आग्रह अरबांचा होता. तात्पुरतेपणाचे हे कलम त्यांनी जपून लिहून घेतले, आणि १९६७ नंतर तीच रेषा आपली सीमा म्हणून मागण्याची पाळी त्यांच्यावर आली.

आपल्याला हे ओळखीचे वाटावे. सीरियाच्या सह्यांनंतर आठवडाभरानेच, २७ जुलै १९४९ रोजी, कराचीत भारत आणि पाकिस्तान यांच्या लष्करी प्रतिनिधींनी काश्मीरमधील युद्धविराम रेषेवर सह्या केल्या. भारताच्या वतीने लेफ्टनंट जनरल श्रीनागेश यांनी. राष्ट्रसंघाच्या वेगळ्या आयोगाचे ते काम होते आणि बंच यांचा त्यात हात नव्हता. पण घडण तीच. सेनाधिकाऱ्यांनी उभ्या फौजांच्या आधारे आखलेली, राजकीय निर्णय होईपर्यंत राहायची रेषा.

अमेरिकेत परतल्यावर बंच यांचे जंगी स्वागत झाले. अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात सहायक मंत्र्याचे पद देऊ केले. इतक्या उंचीवर तोपर्यंत कोणी कृष्णवर्णीय पोहोचला नव्हता. बंच यांनी नकार दिला आणि त्याचे कारण उघडपणे सांगितले. वॉशिंग्टनमध्ये घर, शाळा, उपाहारगृह, सर्वत्र वर्णभेद पाळला जात होता आणि आपल्या मुलांना पुन्हा त्यात न्यायची त्यांची इच्छा नव्हती. देशाच्या राजधानीत मानाची खुर्ची मिळूनही राहायला मानाची जागा नाही, ही स्थिती त्यांनी हॉवर्डच्या दिवसांत भोगली होती. नोबेलची वार्ता आली तेव्हाही त्यांचा पहिला विचार नकाराचाच होता. सचिवालयातील माणूस शांततेचे काम पारितोषिकासाठी करीत नाही, तो त्याचा रोजचा व्यवहार आहे, असे पत्रही त्यांनी तयार केले. सरचिटणीस ट्रिग्व्ह ली यांनी संस्थेच्या हितासाठी ते स्वीकारण्यास सांगितले, म्हणून त्यांनी स्वीकारले. चार वर्षांनी याच माणसाला साम्यवादी असल्याच्या संशयावरून निष्ठा तपासणाऱ्या मंडळासमोर उभे राहावे लागले. १९५४ साली ते निर्दोष ठरले. १९५९ साली न्यू यॉर्कमधील एका टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला वर्णावरून प्रवेश नाकारला, तेव्हा ते राष्ट्रसंघाचे अवर सरचिटणीस होते.

ऱ्होड्सची रेषा १९५६ साली प्रथम मोडली. सुएझच्या युद्धानंतर हॅमरशोल्ड आणि बंच यांनी राष्ट्रसंघाचे पहिले सशस्त्र शांतिदल काही दिवसांत उभे केले. त्यात भारताचा वाटा मोठा होता. जनरल ग्यानी आणि पुढे जनरल इंदरजित रिखी यांनी या दलाचे नेतृत्व केले, आणि दहा वर्षे गाझाच्या वाळूत भारतीय जवानांनी बंच यांच्या रेषेवर पहारा दिला. एका बाजूनेच दिला, कारण इस्रायलने आपल्या हद्दीत हे दल कधीच येऊ दिले नाही.

१६ मे १९६७ रोजी गाझात रिखी यांच्या हाती इजिप्शियन सेनापतींचे पत्र पडले. सीमेवरील चौक्यांतून दल मागे घ्या, एवढीच त्यातील मागणी होती. न्यू यॉर्कमध्ये सरचिटणीस ऊ थांट यांनी बंच यांच्या सल्ल्याने उत्तर दिले की अर्धवट माघार संभवत नाही. दल राहील तर सर्वत्र, जाईल तर सर्वस्वी. यजमान देशाच्या संमतीवाचून दल राहू शकत नाही हे कायद्याने निर्विवाद होते, आणि भारत व युगोस्लाव्हिया या दोन मोठ्या तुकड्यांच्या सरकारांचे मतही इजिप्तची मागणी मान्य करण्याच्या बाजूचे होते. पण ऱ्होड्समध्ये ज्याने प्रत्येक अडलेल्या पक्षासाठी मागे फिरण्याचा जिना बांधला, त्याच बंच यांनी या वेळी नासर यांच्यापुढे दोनच दारे ठेवली. हेच ते नासर, ज्यांना फालुजाच्या वेढ्यातून बंच यांच्या कराराने सोडवले होते. त्यांनी दुसरे दार निवडले. १८ मे रोजी दलाच्या माघारीचा निर्णय झाला. ५ जूनला युद्ध पेटले तेव्हा सर्व जवान परतलेही नव्हते. गाझात अडकलेल्या भारतीय तुकडीतील काही जण इस्रायली माऱ्यात मृत्युमुखी पडले. संसदेत त्यावरून गदारोळ झाला. बंच यांच्यावर या सल्ल्याबद्दल टीका झाली, ती सारीच न्याय्य नव्हती. मात्र त्यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत कमी बंचसारखा निर्णय होता, असेच म्हणावे लागते.

मधुमेहाने तोपर्यंत त्यांची प्रकृती खालावली होती आणि दृष्टी जात चालली होती. दोन वर्षांपूर्वी, १९६५ साली, याच शरीराने ते सेल्मा ते माँटगोमेरी मोर्च्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चालले होते. नोव्हेंबर १९६७ मध्ये सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव केला. व्यापलेल्या प्रदेशातून माघार आणि त्याबदल्यात मान्यता व सुरक्षित सीमा, हे त्याचे सूत्र. कोठवर माघार, हे मोजायला त्यांच्या रेषेखेरीज दुसरे काही नव्हते. पॅलेस्टिनींचा या ठरावात निर्वासित म्हणूनच उल्लेख आला, आणि तोही नाव न घेता. त्यांना मेजावर जागा मिळाली ती १९९१ मध्ये माद्रिदला, जॉर्डनच्या शिष्टमंडळाचा भाग म्हणून.

बंच १९७१ साली सेवेतून मुक्त झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. दोनच दिवस आधी आमसभेने भारत-पाकिस्तान युद्ध थांबवण्याचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला होता, आणि कराचीची रेषा पुन्हा हलू लागली होती. पुढच्या वर्षी सिमल्यात तिला नियंत्रण रेषा हे नाव मिळाले. बर्नाडोट आणि बंच यांच्या हाताखाली १९४८ साली सुरू झालेली युद्धविराम निरीक्षक संघटना मात्र जेरुसलेममधील ब्रिटिशकालीन गव्हर्नमेंट हाऊसमधून अजूनही काम करते.